पेढीच्या संगणकासाठी एसएसडी पारखताना

सोने कसाला लावल्यावाचून घेऊ नये, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाची एसएसडी घेताना मात्र तोच व्यापारी वेष्टनावरचा एक आकडा वाचून पैसे मोजतो. साटा जोडणीच्या एसएसडीवर सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट, चौथ्या पिढीच्या चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवर ७००० मेगाबाइट. तेव्हा दुसरी बारा-तेरा पट वेगवान, असा हिशेब मनात होतो.

तो आकडा खोटा नसतो, पण तो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. पेढीवरचे काम तसे नसते. बिल करताना ग्राहकाचे खाते एका ठिकाणाहून, मालाचा साठा दुसऱ्या ठिकाणाहून, असे चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे वाचले जातात. या कामात ७००० मेगाबाइटची एसएसडीही शंभराच्या आतच राहते आणि साटाची तिच्या निम्म्याच्या आसपास येते. खरी तफावत आहे ती जुन्या हार्ड डिस्कशी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, शिवाय वाचक-शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीला ही प्रतीक्षा नाही. म्हणून ज्या पेढीवर अद्याप हार्ड डिस्क आहे, तिथे साधी एसएसडीही कायापालट घडवते. साटा काढून एनव्हीएमई बसवणाऱ्याला हिशेबाच्या कामात फारसा फरक जाणवत नाही.

लिहिण्याच्या वेगाची परीक्षा निराळी. स्वस्त एसएसडीत बहुधा क्यूएलसी जातीची स्मृती असते, म्हणजे एका कोशात चार बिट. ती मुळात मंद; म्हणून काही भाग तात्पुरता जलद साठा म्हणून वापरला जातो. पहिली काही गिगाबाइट झपाट्याने उतरतात, साठा भरला की वेग एकदम कोसळतो, कधी हार्ड डिस्कच्याही खाली. दागिन्यांची वा साड्यांची हजारो छायाचित्रे उतरवणाऱ्याने शंभरेक गिगाबाइट एका दमात उतरवून शेवटचा वेग पाहावा. अर्धीअधिक भरलेल्या एसएसडीवर ही परीक्षा अधिक खरी ठरते. एका कोशात तीन बिट ठेवणारी टीएलसी थोडी महाग, पण या कामी भरवशाची.

मदरबोर्डची जागा आधी पाहावी. तिसऱ्या पिढीच्या खाचेत चौथ्या पिढीची एसएसडी चालते, पण ३५००च्या आसपासच. वरचे पैसे वाया. काही जुन्या बोर्डांवरची एम.टू खाच तर केवळ साटाचीच असते.

आयुष्याची चिंता मात्र लोक उगाच करतात. एक टेराबाइटच्या अनेक एसएसडींना ६०० टेराबाइट लिखाणाची हमी असते. दिवसाला ५० गिगाबाइट लिहिले तरी १२,००० दिवस, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक.

भीती असावी ती वेगळ्या गोष्टीची. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खडखडते, मंदावते. एसएसडी बरेचदा कसलीही सूचना न देता बंद पडते, आणि मग आतील नोंदी परत मिळवणे कठीण व खर्चिक असते. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींत अचानक वीज गेल्यास चालू लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटरही नसतात. म्हणून यूपीएसला फाटा देऊन महाग एसएसडी घेणे हा उलटा व्यवहार होय.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. एसएसडीतील नोंदी विद्युतभाराच्या रूपात असतात व वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. जेडेकच्या मानकानुसार, हमीइतके लिखाण होऊन गेलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेवाचून एक वर्ष नोंदी टिकवाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. तेव्हा जुन्या वर्षांच्या हिशेबाची तिजोरीतली प्रत साध्या हार्ड डिस्कवर ठेवावी, दुसरी प्रत दुकानाबाहेर असावी, आणि दिवाळीत नव्या वह्या मांडताना दोन्ही एकदा उघडून पाहाव्यात.