वेबसाइट कुणासाठी?

अमरावती-अकोल्यातले खासगी समुपदेशकही आता वेबसाइट काढू लागले आहेत. माझा त्याला विरोध नाही. दवाखान्याची पायरी चढताना लोक बघतील या धाकाने थांबलेल्या बाईला माहिती तरी मिळते. पण कित्येक घरांत मोबाइल नवऱ्याच्या हाती असतो. तिने भरलेल्या फॉर्मचे उत्तर त्याने वाचले, तर मार तिलाच बसतो. म्हणून संपर्काची सुरक्षित वेळ तिलाच विचारावी. फी, शिक्षण स्पष्ट लिहावे. बायकांच्या दुःखाची जाहिरात करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा हक्क मानला आहे. जिला फी परवडत नाही, तिच्यासाठी ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक १४४१६ पहिल्याच पानावर हवा. मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या समुपदेशकांकडे हा आग्रह संघटनांनीच धरायला हवा.