गाडीचे वय आणि पाट्यांची झीज

प्रशासनाला मोजता येईल अशीच कसोटी आवडते, आणि वय मोजण्याइतके सोपे दुसरे काही नाही. आजच्या तारखेतून नोंदणीची तारीख वजा केली की निर्णय तयार होतो. त्यासाठी कोणाला गाडीखाली वाकून पाहावे लागत नाही. १ एप्रिल २०२३पासून केंद्र, राज्ये, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले, ते याच वजाबाकीने. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहने रस्त्यावरून हटवण्याचे राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४-१५चे आदेश आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलेला दुजोरा यांच्या मुळाशीही हीच वजाबाकी होती.

माझ्याकडे २०००च्या नोंदणीची मारुती जिप्सी आहे. निवृत्तीनंतर डेहराडूनला राहायला आल्यावर चक्राता आणि त्यापलीकडच्या रस्त्यांसाठी ती मी जुनीच घेतली. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिचे संपूर्ण सस्पेन्शन बदलून घेतले. एका पेन्शनराच्या गाडीची दुरुस्ती हा या स्तंभाचा विषय कसा, अशी शंका वाचकाला येईल. पण जुने वाहन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर मला अधिसूचनांपेक्षा त्या गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून अधिक स्पष्टपणे मिळाले.

जिप्सीची रचना जुन्या जीपच्या घराण्यातली. पुढे आणि मागे अखंड धुरा, आणि प्रत्येक चाकापाशी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. मेकॅनिक तिला पाटे म्हणतात. पाट्यांचे एक टोक चासीला बोल्टने जखडलेले असते, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला लावलेले असते. कारण भाराखाली कमान सपाट होऊ लागली की टोकांमधले अंतर वाढते आणि त्या वाढीला जागा लागते. दोन्ही टोकांना रबरी बुश असतात, आणि धुरा व पाटे यांना यू-बोल्ट एकत्र आवळून धरतात. धक्का सोसणे हे पाट्यांचे काम, तर त्यानंतरची उसळी शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे. दोघांची कामे जशी वेगळी, तशी त्यांची झीजही वेगळी.

शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल पाझरू लागले की ते कोणालाही दिसते. पाटे बसतात ते मात्र दिसत नाही, कारण ते मिलिमीटरमिलिमीटरने, वर्षानुवर्षे होते आणि मालक रोज तीच गाडी पाहत असतो. ते मोजावे लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी घ्यायचे. माझ्या गाडीची चालकाकडची बाजू चांगली दोन बोटे खाली होती. मागच्या डाव्या जुडग्यातली एक पट्टी तुटलेली निघाली. उरलेल्या पट्ट्यांच्या मधे इतका गंज साठला होता की त्या एकमेकींवर सरकेनाशा झाल्या होत्या. गाडी एकाच वेळी बसलेली आणि कडक कशी असू शकते, हे कोडे मला तेव्हा उलगडले.

हा प्रश्न केवळ कंबरेच्या सुखाचा नाही. थकलेला शॉक ॲब्सॉर्बर चाकाला उसळू देतो. चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. बुश झिजले की धुरा स्वतःच्या जागी किंचित हलू लागते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत राहावे लागते. मैदानात याचा अर्थ त्रास असा होतो. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असलेल्या रस्त्यावर त्याचा अर्थ मी सांगायला नको.

गॅरेजच्या उस्तादांनी दोन पर्याय समोर ठेवले. जुन्या पट्ट्यांना ठोकून पुन्हा वळण द्यायचे, किंवा नवे पाटे घालायचे. पहिला स्वस्त, पण पोलादाला योग्य पाणी देण्याची सोय नसेल तर दिलेले वळण फार काळ टिकत नाही. मी पुढचे-मागचे चारही जुडगे नवे घेतले, आणि त्यांच्यासोबत शॅकल, बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि यू-बोल्टही. यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणाने आवळले की लांबतात. जुने पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर. काम संपत आले तेव्हा बुशचे बोल्ट अजून सैलच होते. मी विचारले, तर उस्ताद म्हणाले, “साहेब, गाडीला आधी आपल्या पायांवर उभी राहू द्या, मग सांधे आवळू.” चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. ही माहिती कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घेतले. सगळा खर्च चार चांगल्या टायरांच्या किमतीच्या आसपास गेला.

त्यानंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेली. कार्यालय कोणते, याला महत्त्व नाही. इतरत्र फार वेगळे घडत असेल असे मला वाटत नाही. दिवे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, नंबर प्लेट तपासली, चासी क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला. रंग चांगला ठेवलाय, असे कौतुकही झाले. गाडीखाली मात्र कोणी पाहिले नाही. महिनाभरापूर्वी तुटक्या पट्टीसह गाडी नेली असती, तरी शिक्का तोच मिळाला असता. शुल्क तेवढे वयानुसार भरावे लागले. हलक्या मोटारींसाठी ते २०२२पूर्वी सहाशे रुपये होते, मग पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाडीला दहा हजार. निगा राखणाऱ्याला आणि न राखणाऱ्याला दर एकच.

विशेष म्हणजे केंद्राने २०२१मध्ये जाहीर केलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचे मूळ तत्त्व वय हे नव्हतेच. वाहन चाचणीत उतरते की नाही, हा निकष त्यात होता. त्यासाठी कल्पिलेल्या स्वयंचलित चाचणी केंद्रांत ब्रेक, दिवे, धूर यांच्या जोडीने सस्पेन्शन आणि सांध्यांमधला सैलपणा यंत्राने तपासण्याची सोय अपेक्षित आहे. त्या धोरणाचा मला सर्वांत पटलेला भाग हाच. पण केंद्रे उभारायला जमीन, यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि वर्षे लागतात. वजाबाकीला काहीच लागत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो भक्कम आहे. नवे पाटे धूर कमी करत नाहीत. दिल्लीच्या हिवाळ्यात श्वास घेणाऱ्या मुलाला माझ्या जिप्सीच्या बुशशी काही कर्तव्य नाही. इंजिन कोणत्या उत्सर्जन मानकाच्या काळात बनले, ते मालकाच्या निगराणीने बदलत नाही. म्हणूनच डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून होणाऱ्या कारवाईपासूनचे संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या वाहनांपुरते ठेवले, ते मला योग्य वाटते. तिथे निदान वर्षांची जागा मानकाने घेतली. माझी गाडी त्या संरक्षणात बसत नाही. दिल्लीच्या दिशेने मुझफ्फरनगरची हद्द लागली की राजधानी क्षेत्र सुरू होते. मी ती तिकडे नेत नाही, आणि याबद्दल माझी तक्रारही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सरकारी वाहनांचा नियम हवेच्या दर्जाशी बांधलेला नाही. तो दिल्लीतल्या मंत्रालयाच्या मोटारीला जसा लागू आहे, तसाच पिथौरागढच्या वनखात्याच्या जीपलाही. लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या विशेष वाहनांना सूट आहे. पटवाऱ्याला, पशुवैद्यकाला, लसीकरणाच्या पथकाला घेऊन जाणाऱ्या गाडीला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे मागे जाण्याचा मोह होतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ला सामुदायिक विकास कार्यक्रम आरंभला आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप खेडोपाडी पोहोचली. कित्येक गावांनी शासन प्रथम पाहिले ते त्या जीपच्या रूपात. त्या गाड्या टिकल्या, कारण त्यांचे पाटे तालुक्याचा लोहारही काढू-घालू शके. दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूला जाणाऱ्या सुमारे एकतीस किलोमीटरच्या चढावर १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर अगदी अलीकडेपर्यंत प्रवासी नेत होत्या. त्यांतल्या अनेकांची इंजिने कधीच बदलली गेली होती. वय मोजायचे तर नेमके कशाचे, हा प्रश्न तिथे अक्षरशः उभा राहतो. त्या गाड्यांचे अकारण गोडवे गाण्याचे कारण नाही. आता त्या मार्गावर बोलेरो धावतात, आणि ते बरेच आहे. मुद्दा एवढाच की झिजलेला भाग बदलणे ही तिथे नित्याची गोष्ट होती.

इंग्रजी अमदानीपासून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या संहितेत कामांचे दोन वर्ग आहेत, नवी कामे आणि दुरुस्ती. दुरुस्तीतही वार्षिक वेगळी, विशेष वेगळी. पुलासाठी आपण हा विवेक निदान कागदावर जपला. वाहनांच्या बाबतीत तो कधी रुजलाच नाही. वित्त विभागात काढलेल्या वर्षांत मी पाहिले की कपातीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री देखभालीच्या शीर्षावर चालते, कारण देखभाल टाळल्याचा परिणाम त्या आर्थिक वर्षात दिसत नाही. त्यात भर म्हणजे जुनी सरकारी वाहने मोडीत काढणाऱ्या राज्यांना केंद्राच्या भांडवली साहाय्य योजनेतून प्रोत्साहन मिळते. मोडण्याला बक्षीस आणि दुरुस्तीला कात्री, अशी ही मांडणी आहे.

मेकॅनिकांमध्ये अलीकडे आणखी एक भीती दिसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आणली, तेव्हापासून नवे पाटे घालणेही बेकायदा आहे असा समज काही ठिकाणी पसरला आहे. तो चुकीचा आहे. झिजलेल्याच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे हा फेरफार नव्हे. हौसेखातर गाडी चार-सहा इंच उचलणे हा निराळा उद्योग. त्यात ब्रेकची नळी ताणली जाते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गुरुत्वमध्य वर जातो. पोलिसांनी ते रोखावेच. पण परिवहन खात्याने दोहोंतला फरक साध्या भाषेत, चित्रांसह छापून गॅरेजमध्ये लावायला काय हरकत आहे?

सरकारी वाहनांसाठी वयाची अट शहरी प्रदूषण क्षेत्रांपुरती ठेवावी आणि इतरत्र दहाव्या वर्षापासून दरवर्षी खड्ड्यावर घेऊन तपासणी करावी. पाटे, बुश, शॉक ॲब्सॉर्बर, चासीचा गंज आणि धूर यांची नोंद एका पानावर मावते. आजच्या नियमाचा एक परिणाम अधिसूचना काढणाऱ्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. पंधरा वर्षे भरलेले सरकारी वाहन नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावे लागते. ते लिलावात वापरासाठी विकता येत नाही. तेव्हा तेराव्या वर्षी नव्या पाट्यांचा प्रस्ताव आला, तर लेखाशाखेचा लिपिक त्यावर काय शेरा मारील, हे चाळीस वर्षे फायली पाहिलेल्या माणसाला कळते: दोन वर्षांत भंगारात जाणाऱ्या वाहनावर खर्च समर्थनीय नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मग उरलेली दोन वर्षे तो चालक धुरा आणि चासीच्या मधे लाकडाचा ठोकळा बांधून तीच जीप घाटात चालवत राहतो, आणि मागच्या बाकावर लसीची पेटी मांडीवर घेऊन परिचारिका बसलेली असते.