चाकूंचा संग्रह

प्रवरेकांठच्या बेलापुरास आमच्या घरीं आजोबांच्या दौतीशेजारीं एक मिटता चाकू असे. बोरूचें टोंक छाटण्यापलीकडे त्यास दुसरें काम नव्हतें. लहानपणीं मीं तो विटेच्या भुकटीनें घासून लखलखीत केला व शाबासकीच्या आशेनें त्यांच्यापुढें ठेविला. ते कांहींच बोलले नाहींत. पात्याच्या बुडाशीं जेथें कारागिराचा शिक्का होता, तेथें नुसतें बोट फिरवीत राहिले. शिक्का पार झिजला होता.

पुढें चाकू जमविण्याचा नाद लागला, तेव्हां त्या मौनाचा अर्थ मला कळला. जुन्या पोलादावर वापरानें चढलेली करडी झांक म्हणजे मळ नव्हे. ती राहूं द्यावी. तांबडा गंज मात्र तेलाच्या चिंधीनें हलकेच काढावा. चाकू चामड्याच्या म्यानांत घालून ठेवूं नये. चामडें ओल धरतें. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें १९१३ सालीं न गंजणारें पोलाद तयार केल्यापासून नव्या चाकूंना एवढें जपावें लागत नाहीं. पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असल्यास शस्त्रकायद्याचे नियम आधीं पाहावे. (घरांतील विळीस व शेतावरील कोयत्यास हें लागू नाहीं, हें सांगणें नलगे.)

पुण्यास दिनकर केळकरांनीं अडकित्त्यांसारख्या घरगुती वस्तु जन्मभर जमवून संग्रहालय उभारलें, आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यास दिलें. माझ्या संग्रहांत आजोबांचा चाकू पहिला आहे. त्याच्या चिठ्ठीवर कारागिराच्या नांवाची जागा मीं कोरी ठेविली आहे.