ताप उतरल्यानंतरचे दुखणे

वाचकहो, चेन्नईची सकाळ कॉफीच्या वासाने उजाडते असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही. फिल्टरमधून थेंबथेंब उतरणाऱ्या कॉफीचा दरवळ माइलापूरच्या गल्ल्यांतून पसरतो आणि एकेक घर जागे होते. आता अशी कल्पना करा की, नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील गृहिणीला हाच दरवळ जळक्या रबरासारखा वाटू लागला आहे. कोविडचा ताप उतरून चार महिने झाले. तरीही शेगडीवरचे दूध करपलेले तिला कळत नाही; वाण्याचा हिशेब तीनदा करूनही जुळत नाही; आणि एक दिवस बाजारहाट केला की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. सासूबाई काळजीने, पण काहीशा त्राग्याने विचारतात, “अगं, दिसतेस तर चांगली! मग अशी बसून का राहतेस?”

हे चित्र काल्पनिक असले, तरी अशी घरे अनेक आहेत. सासूबाईंचा प्रश्न दुष्टपणाचा नव्हे. ताप, खोकला, जखम ही दिसणारी दुखणी. थकलेली मज्जासंस्था कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या दुखण्याची ओळख घरातील प्रत्येकाने करून घेणे अगत्याचे आहे.

२०२० च्या मे महिन्यात चेन्नईतील कोयंबेडूची प्रचंड भाजीमंडई साथीमुळे बंद करावी लागली, तेव्हा सर्वांचे लक्ष जीव वाचविण्याकडे होते आणि ते योग्यच होते. पुढे, बरे झालेले काही लोक पूर्ववत होत नाहीत, असे जगभर आढळून आले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य रोगाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे कोविडोत्तर विकार होय. थकवा, धाप आणि विचारशक्तीवर आलेले मळभ ही त्यांतील प्रमुख लक्षणे. मे २०२३ मध्ये संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या रुग्णांची आणीबाणी मात्र त्या दिवशी संपली नाही.

असे का व्हावे? घ्राणेंद्रियाचे उदाहरण पाहू. हा विषाणू नाकातील गंधवाहक मज्जापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर मुख्यतः आघात करतो. त्या पेशी पुन्हा निर्माण होतात; परंतु गंधाचे तंतू मेंदूशी नव्याने जुळताना कधी कधी चुकीची गाठ पडते आणि सुवासाची दुर्गंधी होते. मेंदूच्या मांद्याची कारणे अद्याप शोधली जात आहेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा न शमलेला क्षोभ आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना झालेली इजा यांवर संशोधकांचा विशेष रोख आहे. तात्पर्य, हा आळस नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे.

यावर एकच एक रामबाण औषध आजमितीस नाही. तथापि करण्यासारखे बरेच आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ साली घ्राणशक्तीच्या व्यायामाची एक पद्धत प्रसिद्ध केली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोन वेळा, निदान बारा आठवडे, एकाग्रतेने घ्यावयाचे, एवढाच तो उपाय. गुण सर्वांना सारखा येत नाही, पण खर्च जवळजवळ नाही आणि साहित्य घरातलेच आहे. दरम्यान, ज्याला वास येत नाही त्याला गॅस गळत असल्याचेही कळत नाही. तेव्हा रात्री गॅसची टाकी बंद आहे की नाही, हे घरातील दुसऱ्या कोणीतरी पाहावे.

थकव्याच्या बाबतीत मात्र नेटाने जोर लावणे घातक ठरते. अनेक रुग्णांचा त्रास श्रमानंतर लगेच नव्हे, तर एकदोन दिवसांनी उसळतो. म्हणून शक्तीचा जमाखर्च ठेवावा. बरे वाटते त्या दिवशीही सर्व शिल्लक उधळू नये. भाजी बसून चिरावी, कामांमध्ये विसावा घ्यावा, हिशेब व निरोप कागदावर लिहून ठेवावेत. उभे राहताच छाती धडधडत असेल, तर चेन्नईसारख्या दमट उष्म्यात तो त्रास वाढतो. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

डॉक्टरांकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नता यांमुळेही असाच थकवा येतो, आणि त्यांवर उपचार आहेत. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर मात्र क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मज्जारोगांच्या उपचारांत चेन्नईची परंपरा जुनी आहे. १९५० साली डॉ. बी. राममूर्ती यांनी तेथील सरकारी सामान्य रुग्णालयात मज्जाशल्यचिकित्सेचा पाया घातला. आज राजीव गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच रुग्णालयाने साथीच्या काळात कोविडच्या असंख्य रुग्णांना आधार दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने घरपोच आरोग्यसेवेची योजना सुरू केली. रक्तदाब व मधुमेहाची औषधे आणि भौतिकोपचार रोग्याच्या दारी नेणे, हा तिचा गाभा. ती केवळ कोविडसाठी नाही. परंतु दीर्घ दुखण्याची खरी शुश्रूषा घरातच व्हावयाची असते, हे तिने ओळखले आहे.

वाचकहो, मज्जातंतूंची भरपाई संथ असते आणि ती सरळ रेषेत होत नाही. चार पावले पुढे, दोन मागे असेच ते चालणे आहे. बहुतेकांना कालांतराने उतार पडतो. काहींना वर्षे लागतात. त्या काळात घरच्यांनी ठेवलेला विश्वास औषधाची जागा घेत नसला, तरी औषधाला वाव देतो. तेव्हा आपल्या घरी असे कोणी असेल, तर “बसून का राहतेस?” असे विचारण्यापूर्वी तिच्या शेजारी घटकाभर बसावे आणि “आज कितपत जमेल?” एवढेच विचारावे.