आधी त्यांचा ग्रंथ आणा

फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या क्लूनी गावात एका प्रचंड चर्चचा आज थोडासाच भाग उभा आहे. रोममधलं सध्याचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं ते सर्वांत मोठं चर्च होतं. इथल्या कॅथलिक मठाच्या हाताखाली युरोपभर शेकडो मठ होते. ११२२ मध्ये हा सगळा कारभार तिशीतल्या पीटरकडे आला. पुढे लोक त्याला ‘पूज्य पीटर’ म्हणू लागले.

कारभार म्हणजे मुख्यतः कर्ज. मठाचा डोलारा मोठा, उत्पन्न तोकडं, आणि स्पेनच्या राजघराण्याकडून येणारी सोन्याची वार्षिक देणगी थकलेली. ११४२ मध्ये पीटर स्पेनला गेला. तिथे त्याने जे करून घेतलं, त्यासाठी मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो.

पहिलं धर्मयुद्ध संपून तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती. ज्या धर्माशी आपण लढतोय त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये नाहीच, ही गोष्ट पीटरला खटकली. एब्रो नदीच्या परिसरात त्याला रॉबर्ट ऑफ केटन आणि हर्मन हे दोन विद्वान भेटले. दोघेही अरबी ग्रंथांतून ज्योतिष आणि गणित शिकण्यात रमलेले. पीटरने घसघशीत मोबदला देऊन त्यांना या कामाला लावलं. भाषांतर पक्कं व्हावं म्हणून मोहम्मद नावाच्या एका मुस्लिम जाणकारालाही सोबत घेतलं. ११४३ मध्ये रॉबर्टने अख्खं कुराण पहिल्यांदा लॅटिनमध्ये आणलं.

ते शब्दशः नाही. रॉबर्टने वाक्यं जोडली, फिरवली, भारदस्त केली. हेतूही निव्वळ जिज्ञासेचा नव्हता. पीटरला इस्लामचं खंडनच करायचं होतं, लढाईलाही त्याचा विरोध नव्हता, आणि ज्यूंविरुद्धचं त्याचं पुस्तक तर फारच कडवट आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, त्याला सर्वधर्मसमभावाचा पुतळा करू नका. पण खंडनाआधी मूळ ग्रंथ हवा, एवढ्यासाठी कर्जबाजारी मठाच्या प्रमुखाने पैसा ओतावा आणि त्या धर्माचाच माणूस कामात घ्यावा, हे मला मोठं वाटतं. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड उघडूनही न पाहता त्याला नावं ठेवणारे रोज भेटतात.

खंडन लिहिण्याची गळ त्याने त्या काळचा सर्वांत वजनदार मठाधिपती, क्लेअरव्होचा बर्नार्ड, याला घातली. बर्नार्डने ते लिहिलं नाही. ११४६ मध्ये व्हेझले इथे भाषण करून त्याने दुसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसं मात्र उभी केली. ते युद्ध साफ फसलं. शेवटी खंडन पीटरनेच लिहिलं, तेही थेट मुस्लिमांना उद्देशून. (याच बर्नार्डने पाखंडी म्हणून ज्याच्यावर रान उठवलं, त्या आबेलार्डला क्लूनीत आसरा देऊन दोघांची दिलजमाई करणाराही पीटरच.)

११५६ मध्ये पीटर वारला. भाषांतराच्या हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या आणि ४०० वर्षांनी, १५४३ मध्ये, ते बासेलमध्ये छापून बाहेर पडलं. त्याआधी तिथल्या नगर परिषदेने छपाई थांबवून मुद्रकाला तुरुंगात टाकलं होतं. त्याच्यासाठी रदबदली केली मार्टिन लूथरने. लूथर क्लूनीसारख्या मठांचा कट्टर टीकाकार, आणि इस्लामचाही. तरी त्याने परिषदेला कळवलं ते हेच, की हे पुस्तक लोकांना वाचू द्या.