डाग दिसला म्हणून औषध सोडू नका!

माझ्या भाचीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करते. हा आजार तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो.

तिला बीटा इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली आणि दंडा-मांड्यांवर लाल चट्टे उठले. हळदीकुंकवात एकीने सल्ला दिला, ‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव.’ दुसरीने हळूच विचारलं, ‘लागट नाही ना गं?’ पोरीने घरी येऊन, कुणाला न सांगता इंजेक्शनच बंद केलं. दोन महिन्यांनी पाय ओढत चालू लागली, तेव्हा आम्हाला कळलं.

चूक तिची कमी, आपल्या बोलण्याची जास्त, असं मला वाटतं.

डॉक्टरांनी समजावलेले उपाय साधेच होते. दर वेळी टोचायची जागा बदलायची. फ्रीजमधलं इंजेक्शन थोडं आधी बाहेर काढायचं. नंतर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकायचं. डायमिथिल फ्युमरेटच्या गोळीने चेहरा लालबुंद होतो, पण जेवणासोबत घेतली तर त्रास कमी होतो. टोचलेली जागा काळी पडली किंवा चिघळली तर डॉक्टरांना दाखवायचंच. ओठ-चेहरा सुजला, दम लागला तर तडक दवाखाना गाठायचा!

औषध बदलायचं की थांबवायचं, हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि मैत्रिणींनो, पुढच्या हळदीकुंकवात कुणाच्या दंडावर चट्टा दिसला, तर आधी ‘तू कशी आहेस?’ एवढंच विचारूया ना!