मुनीमजींनी किल्ल्या ठेवल्या तेव्हा

सेलूच्या मोंढ्यात ऐन कापसाच्या हंगामात एखाद्या पेढीचे जुने मुनीमजी अचानक किल्ल्या परत करतात, तेव्हा मालकाइतकीच नोकरमाणसेही हादरतात. ‘तेच गेले, मग आपले काय?’

10 डिसेंबर 2018 रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. 12 तारखेला शक्तिकांत दास यांनी कार्यभार स्वीकारला. पेढीत मात्र उधारीच्या मुदती, शेतकऱ्यांना दिलेले शब्द एकाच माणसाच्या स्मरणात असतात.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. पेढीतही दुसरा जाणकार वेळीच तयार करावा. जाणाऱ्यास मानाने निरोप द्यावा आणि त्याच सायंकाळी उरलेल्यांना जवळ बसवून पुढील व्यवस्था सांगावी. मालकाच्या मौनातूनच दुसरा राजीनामा जन्म घेतो.